घासलेला पैसा

अंगद आणि त्याची बायको ऊसतोडीला गेले, तेव्हा लेकीला, धनश्रीला, त्यांनी पाली गावात आत्याकडं ठेवलं. सत्यभामाआत्याला पोटचं लेकरू नव्हतं. पोरीचं काय करू अन् काय नको असं तिला झालं होतं, पण पोर आपली उंबऱ्यावर गुडघ्यात मान घालून बसायची. तेव्हा नाणी जमवायचा नाद आत्यानंच लावला. डब्यातली जुनी दहा-वीस पैशांची नाणी काढून दिली, मग पोरीचा हात धरून शेजारपाजारी हिंडली.

"भिक्षेला निघालात का काय, वहिनी?" शेळ्या राखणारा हरिबा हसला. पण कनवटीतून त्यानं एक तांब्याचा पैसा काढून पोरीच्या हातावर ठेवला. "तळ्याच्या काठाला गावलाय. निजामाच्या काळातला हाय. जपून ठिव, बयो."

पैसा काळाकुट्ट होता. शेजारच्या दीपमालाला धनश्री तो रोज दाखवी. "उजेडात तिरपा धर. दिसली का अक्षरं?" दोघींची डोकी एकमेकींना टेकायची. पोर हसायला लागली होती.

एकादशीच्या आदल्या सांजेला आत्या देव घासायला बसली. चिंच, राख, विटकरीची भुकटी. काळं पडलेलं तांबं तिला कधी बघवलंच नाही. ज्या घरात तांबं काळं, त्या घरात हयगय, असं सासूनं तिच्या मनावर बिंबवलेलं. पोरी बाहेर खेळत होत्या. पोरीचा पैसाही लख्ख करून द्यावा, खूश होईल, म्हणून आत्यानं तो डबीतून काढला आणि जीव लावून घासला. सोन्यासारखा उजळला. पदरानं पुसून तिनं दिव्यापाशी धरला. उलटा केला, सुलटा केला. दोन्हीकडून कोरा, एक अक्षर राहिलं नव्हतं. झिजलेली अक्षरं त्या काळपटपणावरच तगून होती.

तिनं पैसा गुपचूप डबीत ठेवला. सकाळी सांगू, मनाशी म्हणाली.

सकाळी अंघोळीपासून आरतीपर्यंत आत्याचं मौन असे. ती देवापुढं बसलेली असतानाच धनश्रीनं डबी उघडली. शाळेला बोलवायला आलेली दीपमाला दारात उभी होती.

"आत्या, हे माजं न्हाई! कुणीतरी बदललंय." पोरीची नजर दाराकडं वळली. "काल तूच हातात घेतलंतंस."

"मी? मी कावून बदलू?"

"तुज्या दादाला पायजे होतं न्हवं!"

दीपमालानं आत्याकडं बघितलं. ही तरी काही म्हणेल, अशी ती नजर होती. आत्याच्या हातात घंटी होती. तिनं ती वाजवली. दीपमाला डोळे पुसत एकटीच निघून गेली.

त्या दिवशी पूजा संपता संपेना. पण मौन आरतीला सुटलं, तरी तोंड उघडेना. सांजेला धनश्री म्हणाली, "आत्या, दीपमाला लई चोरटी हाय," तेव्हा आत्यानं उपासाच्या भगरीचं ताट बाजूला सारलं. "आसं म्हनू न्हाई बाई," एवढंच ती म्हणाली, आणि तेवढंच म्हणाल्याची तिला आणखी लाज वाटली. व्रत देवासाठी धरलं होतं, अन् ती त्याच्याआड लपली होती.

दुसऱ्या दिवशी दीपमालानं हाक मारली नाही. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं मान खाली घालून ती निघाली. मागून धनश्री, बरंच अंतर ठेवून.

आत्यानं बाळकृष्ण नुकता ताम्हणात घेतला होता. तो तसाच पाण्यात सोडून ती उठली, अनवाणी रस्त्यावर आली.

"दीपमाला! थांब गं माय!"

दोन्ही पोरी जागच्या जागी थबकल्या. पूजेच्या वेळी आत्याचा आवाज गल्लीत कधी कुणी ऐकला नव्हता.

"म्या घासला पैसा. चिंच लावून. हिनं न्हाई घेतला."

धनश्री बघतच राहिली. "देव घासतीस तसा?"

"व्हय."

"मग काल तू हितंच होतीस की. घंटी वाजवलीस."

आत्याच्या ओल्या हातांतून पाणी गळत होतं. धनश्री दीपमालापाशी गेली, तिच्या दप्तराचा बंद धरून उभी राहिली. दीपमालानं बंद सोडवून घेतला नाही. दोघी चालू लागल्या. वळणावर दीपमालानं एकदा मागं बघितलं. धनश्रीनं नाही.

आत्या घरात आली. बाळकृष्ण ताम्हणात तसाच पडलेला. पूजा पहिल्यापासून करावी की राहिली तिथून, तिला उमजेना. मग तिनं आधी त्याला पाण्यातून उचललं आणि पदरानं हळूच पुसलं.