सरकलेला लाल

माझी धाकटी बहीण प्रसिद्ध आहे. हे वाक्य सरळ चेहऱ्याने बोलायला मी एकतीस वर्षांपूर्वी शिकलो, आणि अजूनही ते बोलताना माझ्या पोटात दुखतं. घरात तिला बारकी म्हणायचे. तिने तेच नाव चित्रांखाली टाकायला सुरुवात केली, आणि आता केस पिकलेले रॉक गायकसुद्धा तिला अदबीने बारकीताई म्हणतात. मला सगळे बारकीचा भाऊ म्हणतात. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे.

पोस्टर आधी मी करायचो, हे एकदाचं सांगून टाकतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माझी एक खोली होती. लाकडी चौकटींवर ताणलेल्या जाळ्या, शाईचे डबे, शाई ओढायची रबरी पट्टी, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर चिमट्यांनी वाळत घातलेली पोस्टरं. चौघांच्या एका रॉक बँडची सहा वर्षांची सगळी पोस्टरं मी काढली आणि मीच छापली. त्यांच्या गायकाला आम्ही घोगऱ्या म्हणायचो. तो प्रत्येक कार्यक्रमाआधी जिना चढून यायचा, माझ्याच खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "काहीतरी भन्नाट काढ." मी काढायचो. अक्षरं अशी की पट्टी लावून तपासा. बारकी चित्रकलेचं शिक्षण नुकतंच संपवून आली होती आणि माझ्याकडे बसून काहीबाही खरडत असायची.

एकदा घोगऱ्या आला तेव्हा मी शाई आणायला बाहेर गेलो होतो. परत येतो तर हा टेबलावर वाकलेला, आणि त्याच्यासमोर बारकीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेलं चित्र.

"नव्या अल्बमचं कव्हर हेच," तो मला म्हणाला. "पोस्टरही हेच. छापायचं मात्र तू. तुझ्यासारखी छपाई दुसऱ्या कोणाला जमत नाही."

अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मी म्हणालो, "वा, बारके!"

चित्रात ओरडणाऱ्या एका बाईचा चेहरा होता. तिच्या उघड्या तोंडात एक छोटी खोली, खोलीत दिवा, आणि खुर्चीत पाठमोरं बसलेलं कोणीतरी. एवढंच मी पाहिलं. पुढे बघवलंच नाही.

पिवळा, लाल आणि काळा असे तीनच रंग होते. प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. कागदाच्या कोपऱ्यांत बारीक फुल्या असतात. तिन्ही रंगांच्या फुल्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या की छपाई बरोबर. मी पहिलं प्रूफ काढलं आणि भिंग लावून फुल्या तपासल्या. केसाचाही फरक नव्हता. बारकीने प्रूफ दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कसं वाटलं, दादा?"

"फुल्या बसल्यात," मी म्हणालो.

ती प्रूफ घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी पाचशे कागदांवर पिवळा छापला. तिसऱ्या दिवशी लाल जाळी लावली, आणि शांतपणे, भिंग लावून, ती तीन मिलिमीटर डावीकडे सरकवली. मला ते पोस्टर फसायला हवं होतं. घोगऱ्याने ते बघून नाक मुरडावं, बारकीला परत पाठवावं आणि पुन्हा माझ्या खुर्चीत येऊन बसावं, एवढीच इच्छा होती. त्यावर काळा मात्र मी जिथल्या तिथे छापला.

बारकी गठ्ठा बघायला आली. "दादा, लाल सरकलाय?"

"हवा दमट होती. कागद फुगला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "असू दे," म्हणाली.

आणि घोगऱ्या वेडा झाला! सरकलेल्या लालामुळे बाईचे ओठ थरथरल्यासारखे दिसत होते. "आवाज दिसतोय, आवाज!" असं म्हणत तो जिन्यावरून खाली पळाला, बाकीच्या तिघांना घेऊन वर आला. त्या पोस्टरवरूनच अल्बमचं कव्हर झालं. पुढच्या कामापासून बारकी स्वतःच लाल सरकवून द्यायला लागली. समीक्षकांनी त्याला 'बारकीचा लाल' असं नाव दिलं. कोणी त्यात बंडखोरी पाहिली, कोणी दुभंगलेला काळ पाहिला. मी मासिकं वाचायचो आणि दात-ओठ खायचो. तो लाल माझा होता! पण घोगऱ्या पुन्हा माझ्या खुर्चीत बसला नाही. मी लग्नपत्रिका आणि औषधांच्या खोक्यांवरची लेबलं छापत राहिलो. त्यांच्या फुल्या मात्र नेहमी बसलेल्या असायच्या.

परवा बारकीचा फोन आला. तिच्या सगळ्या कामांचं मोठं प्रदर्शन लागणार होतं, दोनशे पोस्टरं आणि कव्हरं. "उद्घाटनाला दोन शब्द तू बोल, दादा. दुसरं कोणी नको."

मी ठरवलं, आता सांगायचंच. त्या लालाचा मालक कोण हे जगाला कळू दे. चार ओळी कागदावर उतरवल्या आणि बायकोला वाचून दाखवल्या. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सांग की," ती म्हणाली. "पण का सरकवलास असं कोणी विचारलं, तर काय सांगशील?"

मी कागद खिशात घातला. एकतीस वर्षं मी गप्प होतो ते नेमकं याच प्रश्नामुळे. लाल माझा म्हणायचा तर जळफळाटही माझाच म्हणावा लागणार होता.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. मी दहालाच पोचलो. दालनात एक माणूस शिडीवर चढून दिवे वळवत होता, बाकी शुकशुकाट. पहिल्याच भिंतीवर ते पोस्टर होतं. आणि त्याच्या शेजारी, तशाच चौकटीत, माझं प्रूफ. खाली चिठ्ठी होती: 'पहिलं प्रूफ. छपाई: दादा.'

सवयीने मी आधी फुल्या बघितल्या. मग, बघण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून, चित्र बघितलं.

खोलीतल्या पाठमोऱ्या माणसाच्या उजव्या कानावर लाल पेन्सिल खोचलेली होती. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तांदळाच्या दाण्याएवढी लाल रेघ. माझा हात आपोआप कानाकडे गेला. पेन्सिल तिथेच होती. सोळाव्या वर्षापासून ती तिथेच असते.

शेजारच्या पोस्टरवर ती पेन्सिल नव्हती. तीन मिलिमीटर डावीकडे सरकून ती काळ्या केसांखाली गेली होती. पाचशेच्या पाचशे कागदांवर, आणि त्या अल्बमच्या सगळ्या कव्हरांवर, मी स्वतःला स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

खरं सांगतो, आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, किती कमी रेघांत काढलीय हिने पाठ! उजवा खांदा जरा उतरलेला, तोसुद्धा पकडलाय. मला हे जन्मात जमलं नसतं. पोटात दुखलंच.

"आलास?" बारकी मागे उभी होती. चष्मा डोक्यावर, हातात चहाचे दोन कप.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"कागद फुगला असता तर काळाही सरकला असता, दादा. तुझी जाळी चुकून सरकते होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू चित्राबद्दल काहीतरी बोलशील म्हणून थांबले. प्रूफ हातात घेऊन तुझ्याकडे बघत उभी होते, तर तू म्हणालास, फुल्या बसल्यात." तिने एक कप माझ्या हातात दिला. "दोन-तीन वर्षं वाट बघितली. मग कामं वाढली."

"आणि लाल? तो का सरकवत राहिलीस?"

"लोकांना आवडला. मला नव्हता आवडत. अजूनही नाही."

अकराला दालन भरलं. पुढच्या रांगेत घोगऱ्या काठी टेकवून बसला होता. मी उभा राहिलो. खिशातला कागद बाहेर काढलाच नाही.

"पहिल्या पोस्टरचा लाल मी सरकवला होता," मी म्हणालो. "मुद्दाम. हिच्यावर जळत होतो म्हणून. अजूनही जळतो."

सगळे खो खो हसले. टाळ्या पडल्या. मोठ्या भावाने काय झकास चेष्टा केली, असंच सगळ्यांना वाटलं. घोगऱ्या तर डोळे पुसत होता. फक्त बारकी हसत नव्हती.

मग गर्दी पांगली. एक अनोळखी बाई प्रूफसमोर थांबली, पोस्टरकडे बघून पुन्हा प्रूफकडे वळली, अगदी जवळ गेली.

"याच्या कानावर काहीतरी आहे," ती जवळ उभ्या असलेल्या मला म्हणाली. "त्या दुसऱ्यात नाही. कोण असेल हो हा?"

"मी," मी म्हणालो.