मयत घड्याळजी जॉन एलिकॉट यांच्याविरुद्ध तक्रार

मावशीच्या हृदयाची नवी झडप उत्तम चालली आहे, कालगुरू धवल उघडे पडले आहेत, आणि माझी बायको एका इंग्रजाच्या नादी लागली आहे.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. यातलं काहीही अजून घडलेलं नाही. शनिवारची संध्याकाळ आहे, आपण क्वीन्सटाउनला स्मितामावशीच्या फ्लॅटमध्ये आहोत, आणि दाराबाहेर चपलांचे एकतीस जोड आहेत. आत इतकी गर्दी की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्यांना दर्शन व्हिडिओ कॉलवर मिळत होतं.

दर्शन होतं मावशीच्या नवऱ्याच्या, पद्माकरकाकांच्या घड्याळाचं. काका वर्षापूर्वी गेले, त्या दिवशी मावशीने त्याचा लंबक हाताने थांबवला. चावी मात्र पूर्ण भरून ठेवली, काका ठेवायचे तशी.

कालगुरू धवल पूर्वी चांगी बिझनेस पार्कात सॉफ्टवेअर टेस्टर होते. मग त्यांना समाधी लागली. आधी समाधी लागली की आधी नोकरी गेली, यावर मतभेद आहेत.

"काळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम!" ते गरजले. "देह नुसतं हार्डवेअर. काका लॉगआउट झालेले नाहीत. स्लीप मोडमध्ये आहेत!"

"किती लॉजिकल!" पुढच्या रांगेतले निशिकांत डोळे पुसत म्हणाले. ते रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम मोजतात.

गुरूंनी सोबत बारीक पायांची एक लाकडी चौकट आणली होती. तिचं नाव 'आसन'. आसनावर डावीकडे काकांचं बंद घड्याळ. उजवीकडे गुरूंचं चालू घड्याळ, हुबेहूब तसंच. मग मंत्र सुरू झाले. कुणी कशाला हात लावला नाही. वीस मिनिटांनी काकांचा लंबक थरथरला, झुलला, आणि टिक! त्याच वेळी गुरूंचं घड्याळ मंदावत मंदावत थांबलं.

"पाहा! याने त्याला प्राण दिला!" गुरू म्हणाले. मग डोळे मिटून, "काका सांगतायत, मंगळवारचं ऑपरेशन नको. एकवीस बैठका करा."

मावशीने हात जोडले. "हे म्हणतायत, तर नको."

मावशीच्या हृदयाची झडप महिनाभरसुद्धा दम धरणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घाबरून गार्गीकडे पाहिलं. माझी बायको हसत होती. अशी ती आमच्या लग्नातसुद्धा हसली नव्हती.

"एलिकॉट," ती पुटपुटली.

तर, जॉन एलिकॉट. लंडनचा घड्याळजी, सन १७७२ मध्ये वारला. पण ही सबब मला पुरेशी वाटत नाही. उष्णतेने धातू किती वाढतो ते मोजायचं यंत्र त्याने केलं, उन्हाळ्यात मागे न पडणारा लंबक केला, घरी वेधशाळा बांधली. गार्गी दिवसा हिशेब तपासते आणि सुट्टीत जुनी घड्याळं उघडते, त्यामुळे त्याचं चित्र आमच्या फ्रिजवर आहे. माझा फोटो त्याच्या खाली, अर्धा वीजबिलामागे. मी भात लावला तर ऐकतो, "एलिकॉटने पाणी मोजून घातलं असतं."

"गुरुजी," गार्गी म्हणाली, "तुमचं घड्याळ चालू करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावू?"

"लहरी तुटतील!"

"काका काकांच्या घड्याळात येतात ना? त्यांना शेजार कशाला हवा?"

"लाव गं," मावशी म्हणाली. "ह्यांना स्वयंपाकघर काही परकं नव्हतं."

काकांचा लंबक पुन्हा हाताने थांबवला, गुरूंचं घड्याळ चालू होऊन भिंतीवर गेलं, आणि पाऊण तास मंत्र झाले. काकांचं घड्याळ ढिम्म.

"खोलीत एक अश्रद्ध आहे," गुरू म्हणाले. तीस माणसं माझ्याकडे वळली.

गार्गीने चालू घड्याळ परत आसनावर टांगलं, गुरूंना चपलांपाशी उभं केलं आणि मला म्हणाली, "मंत्र बंद. अमेय, दुसरं काहीतरी म्हण."

मला ऐनवेळी आमच्या मेट्रोची, एमआरटीची स्टेशनंच आठवली. "क्वीन्सटाउन, रेडहिल, तिआँग बारू, ऊट्रम पार्क..." जाऊन-येऊन फेऱ्या मारत राहिलो. आठव्या फेरीत लंबक थरथरला. टिक! पद्माकरकाका रेडहिलला उतरले.

"लंबक झुलला की चौकट केसभर हलते," गार्गी म्हणाली. "तेवढ्याच लांबीचा दुसरा लंबक ते हेलकावे झेलत जातो. झोपाळ्याला एका बोटाने, पण बरोबर वेळेवर ढकलत राहावं, तसं. दुसरा झुलू लागतो आणि पहिल्याचा जोर संपतो. प्राण नाही, जोर. मावशी, यांनी आधी घड्याळाचा फोटो मागवला होता ना? जोडीचं शोधायला. एलिकॉटने हे पावणेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्याने मात्र त्यावर बैठका भरवल्या नाहीत."

बाहेर चपलांचा एक जोड कमी झाला.

मावशी उठून घड्याळाजवळ गेली. "मला शिंक आली तरी हे पॉलिक्लिनिकला न्यायचे," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊ नको, असं एकदाही म्हणाले नाहीत. घड्याळ 'नको' म्हणालं, तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हे ते नव्हेत." तिने पदराने डोळे टिपले. "अमेय, मंगळवारी टॅक्सी सांग."

वाचकहो, सरळ सांगतो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी ती वस्तू जागची हलवून पाहा. हलवू देत नसतील, तर नमस्कार नको. आणि ऑपरेशनचा निर्णय डॉक्टरशी बोलून घ्या, फर्निचरशी नाही. माझं एवढंच म्हणणं आहे. बाकीचं खालील अर्जात.

प्रति, मा. सचिव, रॉयल सोसायटी, लंडन.
विषय: कै. जॉन एलिकॉट यांचे सन १७३८ पासूनचे सदस्यत्व रद्द करणेबाबत.
महोदय, सदर इसमाने माझ्या मावशीचा जीव वाचविला असून त्या कामी मजकडे स्टेशनांची नावे घेण्यापलीकडे काहीही शिल्लक ठेवले नाही. तरी त्यांचे सदस्यत्व पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून, त्यांना आमच्या फ्रिजवरून सात दिवसांत खाली उतरण्याचा लेखी आदेश द्यावा, ही नम्र विनंती.
आपला विश्वासू, अमेय (विद्यमान पती)