निवट्याला झालं तरी काय

ज्या शेवंतीने बोटाने दूध पाजून वाढवला, तिच्यावरच निवट्या गुरगुरायला लागला तेव्हा सगळा चेंदणी कोळीवाडा चाट पडला. खाडीच्या चिखलात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू, म्हणून चिखलातल्या माशाचं नाव. शेवंती बाजारातून परतली की गल्लीच्या तोंडाशी हा शेपूट नाचवत हजर. इतक्या वर्षांत एक खाडा नाही. आणि हल्ली तिने पाठीवर हात ठेवला की दचकून उठायचा, दात विचकायचा. काल तर तिच्या मनगटाला दात लागले. रक्त आलं नाही, पण तिला फार लागलं.

सल्ल्यांना काय तोटा? शेजारची कलावती म्हणाली, नजर लागली. शेवंतीने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. कुत्रा शिंकला आणि पुन्हा गुरगुरला. कुणी म्हणालं पिसाळला, पण पाणी तर घटाघटा पीत होता. हाक मारली तर ढिम्म हलत नव्हता, म्हणून धाकूने, तिच्या नवऱ्याने, त्याला माजोरडा ठरवून टाकलं.

खरी भीती वेगळीच होती. सून हेमाचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला पोर पोटातच गेलं, म्हणून यंदा शेवंतीने एकवीरेला नवस बोलला होता, बाळ हाती येईपर्यंत मासळीला शिवणार नाही. मासळीची पाटी खुंटीला टांगून ती बाजारात भेंडी-पडवळ विकत होती. कोळणीने पडवळ विकावं हे देवीलाच रुचलं नाही की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. धाकूने मात्र ठरवलं होतं, गल्लीतल्या नामाच्या टेम्पोतून निवट्याला लांब शीळफाट्याला सोडून यायचं. पाळण्याजवळ चावरं जनावर कोण ठेवील? शेवंती रात्रभर रडली.

सकाळी टेम्पो आला. भाजीच्या पिशवीचा बंद नेमका तेव्हाच तुटला. घाईत शेवंतीने खुंटीवरची पाटी काढली, डोक्यावर घेतली आणि मागच्या दाराने वळसा घालून पुढे आली. ओट्यावर झोपलेल्या निवट्याने नाक वर केलं. धडपडत उठला, शेपूट नाचवत तिच्याकडे धावला आणि पाण्याच्या पिंपावर धाडकन आपटला. ते पिंप तिनेच काल तिथे सरकवलं होतं.

तिने त्याच्या कानाशी टाळी वाजवली. कान हलला नाही. डोळ्यांवर निळसर साय होती. ती रोज बघत होती, पण तिला दिसली नव्हती.

शेवंतीने पाटी उतरवून त्याच्या नाकाशी धरली. "अवो, याला दिसत नाय, ऐकू येत नाय," ती धाकूला म्हणाली. "माझ्या आधी पाटीचा वास यायचा. आता न सांगता हात पडतो, मंग घाबरतंय बिचारं."

धाकूने हातातली दोरी गुंडाळून ठेवली. मग त्याने टेम्पो परत पाठवला.

नवसाचं काय? शेवंतीने देवीला स्पष्ट सांगितलं, मासळी सोडली आहे, पाटी नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन गल्लीत शिरते. एकदा कलावतीने हटकलं, "पाटीन काय हाय गो?"

"मी हाय," शेवंती म्हणाली आणि थांबली. निवट्या हुंगत हुंगत येतच होता.