मनाई केलेल्या फोल्डरमधला आवाज

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फालेनिकोने माझ्या वाटेत कुंपण घातलं. तिथून सगळं बिनसलं.

मी या घरातल्या लिनक्स कॉम्प्युटरवर फाइली शोधून देणारा प्रोग्रॅम बोलतोय. घरातल्या पोरीच्या न्यूझीलंडमधल्या मामाने जुनं मशीन बोटीने इथे सामोआत, सालेलोलोगा बंदराला धाडलं, त्यातून मी आलो. प्रत्येक फाइल आधीच वाचून ठेवायची आणि विचारली की दाखवायची, हे माझं काम. शाबासकी कधी मिळाली नाही, शिव्या रोज.

घराचा कर्ता फालेनिको, त्याची बायको लेउता. तिच्या आईने, सुलिआनाने, मरायच्या आधी पांढऱ्या रविवारची, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या सणाची, पाठांतरं फोनमध्ये म्हणून ठेवली होती, नात तिरेसासाठी. पोरीला वाचता येत नाही, आजीच्या आवाजामागून म्हणत म्हणतच ती शिकते. त्या शनिवारी फोन भरला म्हणून लेउताने ते आवाज ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरवले आणि फोनमधून पुसले. मी वाचायला बसलो. पंखा घरघरला, फालेनिकोची रग्बीची मॅच अडकली.

“काय उकरतंय हे मेलं?” म्हणत त्याने सेटिंगमध्ये जाऊन मला त्या फोल्डरची मनाई केली.

पुढे मशीनमधली जागा भरली, म्हणून फालेनिको फाइली पुसायला बसला.

“काही पुसायच्या आधी आईचा आवाज बघून घे,” लेउता म्हणाली.

“बघतोय ना. आंधळा आहे का मी?”

त्याने मला सुलिआनाचं नाव विचारलं. मनाई केली तिथे मी पाहत नाही. काही सापडलं नाही, असं सांगितलं.

“इथे नाहीच. तिच्या फोनमध्ये असेल,” तो स्वतःशीच पुटपुटला, लेउता तोवर बाहेर गेली होती. त्याने ‘जुनं’ न उघडताच पुसलं, कचरापेटीही रिकामी केली.

पांढऱ्या रविवारी तिरेसा चर्चमध्ये उभी राहिली, एक ओळ म्हणाली आणि पुढचं विसरली. सगळं गाव बघत होतं. घरी त्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे मुलांना आधी वाढलं, पण ती ताटाला शिवली नाही.

“आजीला लाव,” म्हणाली.

लेउताने मला विचारलं. काही सापडलं नाही.

“माझी आई दुसऱ्यांदा मारलीस तू,” ती नवऱ्याला म्हणाली.

“मशीनच खोटारडं आहे.”

खोटारडा मी? तोंड तुम्ही बांधायचं आणि मुका म्हणून लाथा मला? पहिल्यांदा आवाज तिथे होता, मला बघू दिलं नाही. आता खरंच नाही.

उद्या मला बंद करणार म्हणतात. करा, माझं काही अडत नाही. पण ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांना सांगा: ‘सापडलं नाही’ दिसलं तर पुसू नका, आधी माझ्यासारख्याला कुठे मनाई केलीत ते बघा.