प्रयागबाईंच्या पोटाचा फोटो

पोटच्या पोरानं आईचं पोट कात्रीनं कापलं आणि तुकडे करून साऱ्या गल्लीत वाटले, याहून वाईट वागणूक प्रयागबाईंनी आजवर पाहिली नव्हती. दारुडा दीर पाहिला होता. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारा अडत्या पाहिला होता. तेराव्याच्या पंगतीतून भांडून उठणारे व्याही पाहिले होते. पण हे नवीन होतं. आणि वर विश्वनाथ हसत होता.

"अख्ख्या शुक्रवारी मोहल्ल्याले सूर्याचं गिरान दाखवलं आई मी! पोट्टे तर नाचून राहिले होते गच्चीवर."

प्रयागबाईंना बोलायची सोयच नव्हती. बोलायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की तो फोटो कोणाचा.

भिवापूरच्या मिरचीवर हे घर उभं राहिलं होतं. नवरा, महादेवराव, गेले तशा प्रयागबाई पदर खोचून दुकानाच्या गादीवर बसल्या, त्या बसल्याच. शाळा दुसरीपर्यंत, पण मिरची मोडून नाकाशी धरली की ती कोणत्या तोडणीची, ओली किती, बेइमानी किती, हे सांगत. जेवताना ताटात दोन मिरच्या वेगळ्या लागत. त्या बाईनं दिवाळीपासून मिरचीला हात लावला नव्हता. परसाकडं रक्त पडत होतं. पोटात कळ यायची, डाव्या अंगाला, कोणी चिमट्यात धरल्यासारखी.

घरात तीन माणसं. बाकी दोघांत कोणाच्या लक्षात यावं? सुनेला, सुभद्रेला, वाटलं की आत्याबाईंना आपल्या हातचा ठेचा मिळमिळीत लागतो. तिनं तो आणखी जाळ केला. विश्वनाथ पेपर समोर धरून जेवायचा, त्याच्या ताटात दगड वाढला असता तरी त्यानं तो कालवून खाल्ला असता. गल्लीत मात्र त्याचं फार लक्ष. कोणाच्या घरचा दिवा गेला, विश्वनाथ. कोणाचं पोर इस्पितळात, विश्वनाथ. तिरडी बांधायला सगळ्यात आधी विश्वनाथ. प्रयागबाई रोज ताटात गोडं वरण कालवायच्या आणि वाट पाहायच्या, की कोणीतरी विचारेल, काहून वं, मिरची नाही घेतली? कोणी विचारलं नाही. मग त्यांनीही ठरवलं, नाही तर नाही.

धंतोलीतल्या डॉक्टरकडे त्या एकट्याच गेल्या. डॉक्टर कोवळा, पण बोलायला सरळ होता. म्हणाला, आतड्यात काय आहे ते पाहावं लागेल. मुंबईला आता दुर्बिणीची नळी निघाली आहे, लांब, दिवा लावलेली. खालून आत घालतात आणि पाहतात.

"कोण पायते?" प्रयागबाईंनी विचारलं.

"डॉक्टर पाहतात, आजी."

"पाहो मग आपल्या मायचं."

डॉक्टर हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, दुसराही रस्ता आहे. बेरियम म्हणून पांढरं औषध असतं, ते खालूनच भरायचं आणि वरून एक्सरे काढायचा. आतड्याचा आकार फोटोत पांढरा उमटतो. तो मोठ्या सर्जनला दाखवू. फोटोत उलगडा झाला तर नळीची गरज नाही, मुंबईही नाही. "पण फोटो जपून आणा, सर्जन कागदावर लिहिलेलं मानत नाहीत, स्वतः पाहतात. अन् एकट्या येऊ नका. सोबत घरचं माणूस आणा."

घरी त्यांनी सांगितलं, रामटेकला जाऊन येतो. आदल्या रात्री एरंडेल घेतलं, सकाळी निरंकार पोटानं निघाल्या. एक्सरेच्या त्या थंड फळीवर एक पोरगेला माणूस म्हणाला, डावीकडे वळा. त्या वळल्या. उजवीकडे वळा. वळल्या. श्वास रोका, औषध रोका, हलू नका. महादेवरावांच्या सांगण्यानं ज्या बाईनं कधी पाटसुद्धा सरकवला नव्हता, ती एका परक्या पोराच्या शब्दावर पांढऱ्या औषधानं टम्म फुगून कूस पालटत होती. नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे? प्रयागबाई म्हणाल्या, "मीच हावो माह्यासोबत." आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर पाल होती, तीही नजर चुकवून गेली.

येताना इतवारीच्या बाजारातून रेवड्या घेतल्या. रामाचा प्रसाद म्हणून सुभद्रेनं त्या कपाळाला लावून खाल्ल्या. विश्वनाथनं अर्ध्या शेजारच्या मीराबाईंकडे पाठवल्या.

फोटो दोन होते, मोठाले, वाकवले की कडकड वाजणारे. ते ठेवायचे कुठं? ट्रंकेत महादेवरावांच्या छातीच्या एक्सरेचं जुनं पाकीट पडलं होतं. आतला फोटो कधीचाच ओलीनं चिकटून वाया गेला होता, पाकीट तेवढं राहिलं होतं, वर नाव महादेवरावांचं. प्रयागबाईंनी आपलं पोट नवऱ्याच्या पाकिटात घातलं आणि वर शालू ठेवला. जिवंतपणी त्या माणसानं त्यांचं काही झाकलं नव्हतं. मेल्यावर तरी कामी येऊ दे, म्हटलं.

सोमवारी सर्जनकडे जायचं होतं. शनिवारी ग्रहण आलं.

फेब्रुवारीतलं ते ग्रहण मोठं होतं. दुपारीच लागणार होतं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्रयागबाई पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकून, दार लावून आत बसल्या होत्या. गच्चीवर विश्वनाथचा आवाज येत होता. "सरळ नोका पाहू रे पोट्टेहो! या काळ्या फिल्मातून पाहा!" त्यांना वाटलं, असेल कोणाची तरी काच.

ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, तेव्हा मीराबाई एक काळा तुकडा घेऊन दारात आल्या. "घ्या बाई तुमचा. विश्वनाथनं देल्ला होता. मस्त दिसलं, खाल्लेल्या भाकरीवानी."

तुकड्याच्या कोपऱ्यात एक वाकडं इंग्रजी अक्षर होतं, काठीला पाय फुटल्यासारखं. प्रयागबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण ते अक्षर त्या एका हप्त्यात रोज एकदा पाहत आल्या होत्या. त्यांनी ट्रंक उघडली. शालू होता. पाकीट होतं. पाकिटात हवा होती.

"त्यावर बाबाचं नाव होतं न," विश्वनाथ म्हणाला. "त्याईचा छातीचा जुना फोटो. आता काय कामाचा आई तो?"

प्रयागबाईंनी ट्रंक लावली. मग पायात चपला घातल्या.

साऱ्या गल्लीत त्या दारोदार गेल्या. आजवर लोक त्यांच्या दारी येत, मिरची उधार मागायला, भांडण तोडून घ्यायला. आज प्रयागबाई दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. "माह्या फोटोचा तुकडा हाये तुमच्याकडं. द्या." बस, एवढंच. नत्थू दूधवाल्यानं आपला तुकडा म्हशीच्या गोठ्यात खोचून ठेवला होता. तो शर्टाला पुसून देत म्हणाला, "काकू, मालकाचा होता म्हणे?"

"हो."

"च् च्. माणूस जाते, फोटो राह्यते."

मीराबाई तर डोळ्याला पदर लावून मागं मागं आल्या. "एवढा जीव होता वं तुमचा त्याईच्यावर? अन् आमाले तर वाटे, भिंतीपलीकडून भांडेच वाजते रोज."

"भांडे बी त्याईचेच होते," प्रयागबाई म्हणाल्या आणि पुढचं दार वाजवलं.

लोक हळहळत होते. चहा घ्या म्हणत होते. मेलेल्या नवऱ्याच्या फुप्फुसासाठी सारी शुक्रवारी पाझरली. जितीजागती बाई समोर उभी होती, एका हातानं डावी कूस दाबून, आणि तिला कोणी बसा म्हटलं ते मेलेल्याच्या नावानं.

घरी येऊन त्यांनी दार लोटलं आणि तुकडे जमिनीवर मांडले. काळा, काळा, कोपरा, कड, काळा. पोट कुठं नव्हतंच. कितीही जुळवले तरी मधे एक मोठं भोक राहायचं, आणि भोकातून फरशी दिसायची. म्हणजे पुन्हा ती फळी. पुन्हा एरंडेल, पुन्हा तो पोरगा, डावीकडे वळा. नाही तर मुंबईची नळी. नाही तर तिसरं, काहीच न करता गोडं वरण खात बसायचं, संपेपर्यंत. त्या तिसऱ्यावर जरा जास्तच वेळ थांबल्या. सोपं होतं ते. कोणाला काही सांगावं लागणार नव्हतं.

सुभद्रेनं दाराआडून विचारलं, "आत्याबाई, जेवता न?"

"भूक नाही."

"ठेचा केला हाये, आज झणझणीत."

"तूच खाय बाई."

पावलं परत गेली. प्रयागबाईंनी तुकडे गोळा केले आणि नवऱ्याच्या पाकिटात भरले.

रविवारी सकाळी त्या गच्चीवर गेल्या. ग्रहणासाठी मिरचीवर पोती टाकली होती, ती काढायची होती. मिरचीचं काम त्यांनी अजून दुसऱ्या हातात दिलेलं नव्हतं. जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. पोती ओढली. लालभडक मिरची पसरली, आणि त्या लालीत, विटेखाली दाबलेले, दोन पांढुरके पत्रे पडले होते. काळं सगळं कापून नेल्यावर उरलेला गाभा.

प्रयागबाईंनी ते उचलले. मिरची झटकली. सकाळच्या उजेडाकडे धरले. हे बघ, इथं होतं सगळं. कमरेची हाडं दोन्हीकडं सुपासारखी, आणि मधून तो पांढरा रस्ता, फुगत, वळत, वर जाऊन पुन्हा खाली. डावीकडं एका जागी मात्र रस्ता एकदम बारीक झाला होता. भरल्या पोत्याचं तोंड सुतळीनं आवळावं तसा. साऱ्या जन्मात त्यांनी इतकी पोती आवळली होती की आवळलेलं तोंड ओळखायला सर्जन लागत नव्हता. त्यांच्या बोटांत फिल्म कडकडली.

"आई! जिना काहून चढली तू?" विश्वनाथ वर आला होता. "अन् ते कायले उचललं? ते बेकार निघालं. पांढऱ्यातून पायलं का डोये दिपते. काळं काळं तेवढं कामाचं होतं, ते वाटलं मी."

"धर."

"काय?"

"धर म्हणतो न. उजेडाकडं धर."

त्यानं धरला. आधी उलटा, मग सुलटा. बराच वेळ पाहिला. "ही तर कंबर हाये. बाबाची तं छाती होती."

"बाबाचं नाही ते."

"मग कोणाचं?"

प्रयागबाई खाली बसल्या आणि मिरची पालथी करू लागल्या. "माह्यं."

खाली रस्त्यावरून नत्थूची सायकल घंटी वाजवत गेली.

"कवा काढला?"

"रामटेकले गेली होती तवा."

"अन् परसाद?"

"इतवारीचा."

विश्वनाथ विटेवरच बसला. कान लाल झाले होते, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे. "सांगतलं काहून नाही आई?"

याचं उत्तर प्रयागबाईंकडे दिवाळीपासून तयार होतं, रोज ताटावर बसून घोटलेलं. पण आता ते ओठावर आलं तर चव गेलेली होती. त्यांनी एवढंच म्हटलं, "उद्या सर्जन पाहणार हाये. यात उलगडलं तर ठीक. नाही तर मुंबईले नळी. डॉक्टरनं सोबत घरचं माणूस आण म्हणलं."

"मी येतो! हापिसातल्या सायबाले घरी जाऊन आताच सांगून येतो. मीराबाईच्या जवायाची मोटार मागतो, नत्थूले म्हणतो दूध लवकर..." तो उठलाही होता, जिन्याकडे निघालाही होता, आणि फोटो बगलेत दुमडायला लागला होता.

"बस खाली."

तो बसला.

"दुमडू नको. अन् कोणाले सांगायचं नाही."

"बरं."

फोटो दोन्ही हातांत आडवा धरून तो बसून राहिला, भरलेलं ताट धरल्यासारखा, कुठं ठेवावं ते न कळून. प्रयागबाईंनी एक मिरची उचलली, मोडली, नाकाशी नेली. चांगली वाळली होती. तोंडाकडं न नेता परत ढिगात टाकली, आणि पोराकडे पाहिलं.

"तू वाईट नाही गा विश्वनाथ. साऱ्या गल्लीले पुरतं. पण कामाचं असते ते टाकून देतं, अन् बिनकामाचं वाटत फिरतं."