कोपऱ्यातली खाच

कौशल्यानं पोलादी पट्टी प्लास्टिकच्या पत्र्यावर दाबून धरली आणि कटरचा पहिला चरा अगदी हलका ओढला. जोर लावला की पातं भरकटतं. आठ-दहा चरे त्याच रेघेत ओढायचे, मग टेबलाच्या कडेवर वाकवायचं; पत्रा मुकाट्यानं तुटतो. सदाशिव पेठेतल्या राहत्या दीड खोलीत बिल्डरांची मॉडेलं करण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

हे मॉडेल मांजरीचं, तिच्या माहेरच्या गावचं होतं. बारा इमारती, पोहायला तलाव आणि आयटीवाल्यांना धावायला वाट; दिवसभर बसून पगार घेतला की संध्याकाळी धावणं आलंच. हद्दीच्या एका कोपऱ्यात मात्र खाच होती. तिथं तिच्या धाकट्या भावाचं, ज्ञानदेवचं घर. नकाशात ते नव्हतं, तरी तिनं काडेपेटीएवढं करून दारच्या चिंचेसकट बसवलं होतं.

आर्किटेक्टच्या ऑफिसातला शुभंकर नवा नकाशा घेऊन आला.

"मॅडम, ही खाच काढायची. बाउंड्री आता स्ट्रेट. तिथं क्लब हाउस येतंय."

"त्यांना घर विकायचं नाहीये."

"विकलं की! बहिणीची सही तेवढी अडली होती. दिवाळीत तिनं हक्क सोडला, आठवड्यात व्यवहार झाला." तो हसला. "अशी बहीण मिळायला नशीब लागतं."

त्या सहीला कौशल्यानं तीनदा नाही म्हटलं होतं. ज्ञानदेवनं कधी आवाज चढवला नाही. दर खेपेला गूळ घेऊन यायचा. "आक्के, सातबारा सुटसुटीत व्हावा म्हनून नुसती सही हाय. घराला कोन हात लावतंय? तुझं म्हायेर हाय ते." भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती हो म्हणाली. ओवाळणीत जरीची साडी मिळाली. आपल्याला तिचा आनंद झाला होता, हे आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

"आज जमेल ना? उद्यापासून बुकिंग आहे."

"न जमायला काय झालं?"

तिनं घर उचकटलं, चिंच उपटली. नव्या पत्र्यावर पट्टी ठेवली. दहा चरे ओढले आणि पत्रा वाकवला.

शुभंकरनं कडेवरून बोट फिरवलं.

"एकदम साफ! फार जोर लागत असेल."

"जोर लावायचाच नसतो. हलक्या हातानं, पुन्हा पुन्हा."

मॉडेलवर पांढरा चुरा पडला होता. पुसायचं फडकं समोरच खिळ्याला लटकत होतं. तिनं कपाट उघडून घडी न मोडलेली जरीची साडी काढली, काठाला कटर लावला आणि हातभर तुकडा टरकावला.

"अहो मॅडम, नवी दिसतेय!"

"भावानं दिलीय," कौशल्या म्हणाली आणि क्लब हाउसची जागा पुसू लागली.