डिपॉझिटचा बैल

“मला रूममधून काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय,” असं किशोर मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर चहाचा ग्लास आपटून म्हणाला, तेव्हा तो माणूस जन्माला येऊन साठ वर्षं झाली होती आणि पलीकडच्या गाडीवर भजी खात बसला होता.

त्याचं नाव महादूशेठ. एके काळी नुसता महादू. पण शेतातून रस्ता गेला, रस्त्याचे पैसे आले, पैशांतून दहा रूमची चाळ उभी राहिली आणि नावाच्या मागं शेठ येऊन बसलं. किशोर त्या चाळीत शेवटच्या रूममध्ये भाड्यानं राहायचा. मूळचा डोळखांबकडच्या पाड्यावरचा कुणब्याचा पोर, आता इथल्या कंपनीत मशीनवर. रात्री जेवताना मोबाइलवर वकिलांचे व्हिडिओ बघायची सवय. सात व्हिडिओ बघून झाल्यावर आपली अर्धी वकिली झाली असं त्याचं मत होतं. उरलेली अर्धी नेट संपल्यामुळं राहिली.

“कायद्यानं एकदम दीड हजार भाडं वाढवताच येत नाय,” तो शेजारच्या रूममधल्या अजयला सांगत होता. “मी तोंडावर सांगितलं शेठला.”

“मग शेठ काय म्हणला?”

“म्हणला, कायदा कुठं वाढवतोय, मी वाढवतोय.”

“आणि नोटीस?”

“नोटीस दिलीच नाय मला. नोटिशीशिवाय काढता येत नाय.”

अजयनं चहाचा शेवटचा घोट घेतला. “भाऊ, दोन दिवस झाले. संडासाच्या दाराला लावलीय. आतल्या बाजूनं.”

सार्वजनिक संडासाचा दिवा महिनाभर गेलेला असल्यामुळं किशोरला ती दिसली नव्हती. त्यानं मोबाइलची बॅटरी लावून वाचली. म्हसा गावच्या जत्रेनंतरच्या सोमवारी रूम खाली करावी, नायतर सामान बाहेर. खाली सही, आणि सहीखाली, पाणी जपून वापरा.

एकटा असता तर किशोर कुठंही पडला असता. पण घरात बायको सोनाली होती आणि खाटेवर आई होती. पारूबाई दिवाळीत बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता एक दिवसाआड मालिश आणि व्यायामाला दवाखान्यात न्यायचं होतं. डॉक्टर स्वच्छ बोलला होता, मध्येच सोडलंत तर बाई परत चालायची नाय. आणि पाड्यावर जायचं तर रस्ता संपल्यावर अर्धा तास चढण. तेव्हा मुरबाडात, तळमजल्यावर, खोली पायजेच होती.

तशी एक खोली नव्या वस्तीत मिळतही होती. मालकीण म्हणाली, जत्रा संपेपर्यंत थांबते, डिपॉझिट आण आणि किल्ली ने. डिपॉझिट होतंच किशोरकडं. म्हणजे महादूशेठकडं होतं.

“शेठ, माझे पंचवीस हजार द्या, मी उद्या जातो.”

“डिपॉझिट काय मी उशाला घेऊन झोपतो रे?” महादूशेठ म्हणाला. “त्याचे पत्रे घातले. वर बघ. तुझ्याच डोक्यावर हायेत.”

किशोरनं वर बघितलं. पत्रे होते खरे.

“मग आता?”

महादूशेठनं दात कोरत जरा विचार केला, निदान तसं दाखवलं. “तू आपला माणूस. माझा बैल घेऊन जा. म्हशाच्या जत्रेत बैलबाजारात उभा केलास तर चाळीस हजार कुठं गेले नायत. वरचे पंधरा तुझे. आईला दूध पाज.”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, शेठ, तुम्हीच विका आणि मला पैसे द्या. पण महादूशेठ पुढं म्हणाला, “नायतर राहू दे. कंपनीतल्या माणसाला बैलातलं काय कळणार?” आणि तिथंच किशोर गेला.

“कुणब्याचा पोर हाय मी!” म्हणून त्यानं गोठ्यात जाऊन बैलाचे ओठ वर करून दात बघितले. शिंगं चाचपली. पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कातडं थरथरलं. शेपटीचा गोंडा बघितला, खूर उचलून बघितले. पांढराशुभ्र, धिप्पाड, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा बैल. आता बैल बघताना मानेवर जू ठेवून चार पावलं चालवून बघायचं असतं, हे पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण किशोरला नांगर सोडून दहा वर्षं झाली होती. तेवढं एक राहिलं.

“नाव काय ह्याचं?”

“जावई. आमच्या हिनं लाडानं ठेवलंय.”

शेठाणी दारात पदर तोंडात घालून उभी होती. किशोरला वाटलं, जनावर चाललं म्हणून बिचारीला रडू येतंय. महादूशेठनं दावं त्याच्या हातात दिलं. दावं हातात गेलं की व्यवहार पुरा, मग देव आला तरी मागं फिरत नाय.

म्हशाला जावई ऐटीत चालत गेला. जत्रेत माणूस माणसाला ओळखत नव्हता, पण जावयाकडं माना वळत होत्या. घाटावरचा एक व्यापारी आला, त्यानं रुमालाखाली किशोरची बोटं धरून भाव केला. किशोरला बोटांची भाषा येत नव्हती, तरी सवयीनं तो मान हलवत राहिला. शेवटी रुमाल काढून व्यापारी तोंडानंच म्हणाला, “अडतीस. जू ठेवून बघू आणि पैसे मोजू.”

मानेवर जू टेकलं आणि जावई बसला.

दमून बसतात तसा नाही. पंगतीला बसतात तसा, आधी पुढचे गुडघे, मग मागचे, आणि मग रवंथ सुरू. व्यापाऱ्यानं शेपूट पिळली, हाका मारल्या. जावयानं कान हलवला. जू काढलं तरी तो आपल्या सवडीनं तासाभरानं उठला.

बाजूचा एक म्हातारा विडी पेटवत म्हणाला, “हा मुरबाडच्या महादूचा ना? तीन वर्षं जत्रेला येतोय. मानेवर काय ठेवलं की बसतो. आता एकदा पाळण्यात बसला की त्याची जत्रा पुरी झाली.”

आख्खा बाजार हसला. किशोर पण हसला, कारण दुसरं काय करणार. पुढचे दोन दिवस त्यानं येईल त्या भावाला बैल द्यायची तयारी दाखवली. लोक यायचे, जावयाबरोबर फोटो काढायचे आणि जायचे. तिसऱ्या दिवशी जत्रा उठली आणि नव्या वस्तीतल्या मालकिणीचा फोन आला. खोली दुसऱ्याला दिली होती.

सोमवारी सकाळी महादूशेठ दोन गड्यांना घेऊन आला. मागं नवा भाडेकरू, त्याचं सामान टेम्पोत. किशोरच्या दाराशी जावई खिडकीच्या गजाला बांधलेला होता. चाळीत बैल बांधायला दुसरी जागा नव्हती. ऊन चढलं तसे त्यानं पुढचे पाय उंबऱ्याच्या आत घेतले होते. सावलीला.

“बैल बाजूला घे.”

“तुमीच घ्या. तुमचाच हाये.”

“आता तुझा हाये! दावं घेतलंस ना हातात?”

“मग माझ्या जनावराला हात लावायचा नाय!”

शेठनं ऐकलं नाही. एका गड्यानं जावयाच्या मानेत हात घालून ओढला. झालं. जावई उंबऱ्यात बसला. अर्धा आत, अर्धा बाहेर, मधोमध. आतून मांजर बाहेर येईना की बाहेरून माणूस आत जाईना.

त्यांनी मानेला दोर बांधून ओढला, शेपूट पिळली. नाकाशी कांदा धरला. जुन्या लग्नातली उरलेली फटाक्यांची माळ लावली, तर चाळीतली सगळी पोरं रडायला लागली आणि जावयानं डोळे मिटले. दोन वाजले. नवा भाडेकरू टेम्पोवाल्याशी बोलून आला आणि म्हणाला, “शेठ, मी पाचपर्यंत थांबतो. नायतर स्टँडमागं दुसरी रूम हाय, ती घेतो.”

हे ऐकल्यावर किशोरच्या अंगात पुन्हा वकील आला. तो अजयच्या कानाशी लागला. “पाच वाजू देत फक्त. मग दुसरं गिऱ्हाईक मिळेस्तोवर महिना, दोन महिने गेले. तेवढ्यात आयेचा पाय होतोय. स्टे मिळाला मला, स्टे!”

“कोर्टाचा?”

“बैलाचा.”

आत खाटेवर पारूबाई दुपारभर ऐकत होती. ऐकत म्हणजे जावयाचं धापा टाकणं. अडीच महिन्यांत तिच्याशी दवाखान्याबद्दल सोडून कोणी काही बोललं नव्हतं, आणि या चार दिवसांत मात्र दाराशी एक ओळखीचा वास आला होता.

“सोनाली, मुक्या जनावराला तहान लागली असंल गो.”

“आई, तुमी गप पडा. त्याला उठवायचं नाय.”

“उठवायचं नाय कसं? उन्हात मागचं अंग भाजतंय त्याचं.”

“आई, पाया पडते, गप ऱ्हावा.”

म्हातारी गप राहिली. पण साडेचारला सोनाली मागच्या खिडकीतून शेजारणीकडून पाण्याची कळशी घेत होती आणि किशोर बाहेर, उरलेल्या अर्ध्या तासात आपण शेठला काय काय सुनावणार, ते अजयला ऐकवत होता. तेवढ्यात पारूबाई खाटेवरून उतरली. चालता येत नव्हतंच. बसून, हातावर जोर देत, सकाळच्या पेजेचं पातेलं पुढं सरकवत ती उंबऱ्यापर्यंत गेली. गड्यांनी मानेला बांधलेला दोर तिनं सोडून टाकला. गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवली. पेज तोंडाशी धरली.

“ऊठ माझ्या बाळा. कोणी छळलं रे तुला? ऊठ.”

जावयानं पेज संपवली, पातेलं चाटलं, आणि उठला. अंग झाडलं, पाय उंबऱ्याबाहेर काढले आणि बाजूच्या भिंतीशी शहाण्यासारखा जाऊन उभा राहिला.

गडी आत घुसले.

किशोर धावत आला तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. किती महिन्यांनी तिचा चेहरा असा उजळला होता. “बघ रे किशोर! एवढे बाप्ये लागले, कुणाला जमला नाय. मी उठवला.”

“व्हय आये,” किशोर म्हणाला. “तूच उठवलास.”

सोनाली कळशी घेऊन उभीच राहिली. मग तिनं कळशी खाली ठेवली आणि भांडी गोळा करायला लागली.

पाचच्या आत रूमला महादूशेठचं कुलूप बदलून झालं. नव्या भाडेकरूचं सामान उतरलं आणि त्याच टेम्पोत किशोरचं चढलं, डोळखांबला जायला. “रिकामं परत जाण्यापरीस बरं,” टेम्पोवाला म्हणाला. खाट आधी गेली, खाटेवर पारूबाई, मग बाजूनं कपाट, गॅस, डबे, शेवटी सोनाली. महादूशेठनं वरच्या पत्र्यांकडं बोट करून किशोरला सांगितलं, “हिशोब मिटला बरं का. मनात काय ठेवू नको.”

जावई टेम्पोत मावणार नव्हता. किशोर त्याचं दावं धरून पुढं पायी निघाला, रस्त्याला लागेपर्यंत टेम्पो मागून हळूहळू येणार होता. गल्लीच्या तोंडाशी अजय मागून पळत आला. किशोरची गादी चाळीच्या दोरीवर वाळत राहिली होती. टेम्पो गच्च भरलेला. अजयनं गुंडाळी केली आणि मदत म्हणून ती बैलाच्या मानेवर टाकली.

जावई टेम्पोसमोर बसला. पेज संपली होती, आणि पारूबाई कपाटाच्या मागं होती.